विषय: शॉक बसतोय म्हणजे प्रॉडक्ट चालू आहे, असं तुमच्या माणसाने मला सांगितलं त्याबद्दल

मॅनेजर साहेब,

आत्ताच तुमच्या कस्टमर केअरचा फोन ठेवलाय, बावीस मिनिटं होल्डवरची ट्यून ऐकून, त्यामुळे डोकं तापलेलं आहे. ही पाचवी वेळ. एनर्जायझर म्हणजे इलेक्ट्रिक कुंपणाच्या तारांत थांबून थांबून झटके सोडणारं मशीन, ते करंट कसा सोडतं हे तुम्हाला सांगत बसत नाही, तुम्हीच बनवता. ब्रोशरच्या दुसऱ्या पानावर ठळक अक्षरात "आयईसी ६०३३५-२-७६ प्रमाणे" असं तुम्हीच छापलंय. मी बसून या मशीनच्या सुरक्षेच्या त्या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डमध्ये काय काय आहे ते शोधून वाचलं. तुमच्याकडे कोणी वाचलंय का?

जीएसटी धरून ६८ हजार ५०० रुपये मोजलेत. तळेगावात आमच्या गल्लीत दिवाळीच्या सुट्टीत दोन बंगले फुटले, आई दिवसभर घरात एकटी असते, म्हणून बंगल्याच्या कंपाउंडवर हे कुंपण बसवून घेतलं. तुमची दोन पोरं आली, साडेतीन तासांत काम उरकलं आणि जाताना आमची शिडी पण टेम्पोत टाकून घेऊन गेली. ती अजून आलेली नाही.

पुढची भिंत सहा फुटी आहे, तिथलं काम बरं आहे, उगाच खोटं कशाला बोलू. मागची भिंत मात्र तीन फुटांची आणि तिच्या पलीकडे गल्ली, तिथे संध्याकाळी पोरं क्रिकेट खेळतात. जिथे लोकांचा वावर आहे तिथे करंटची तार आणि माणूस यांच्यामध्ये किमान दीड मीटर उंचीचा अडथळा पाहिजे, भिंत असो नाहीतर जाळी, म्हणजे साधारण पाच फूट. तुमची सगळ्यात खालची तार शेजारच्या काकूंच्या नऊ वर्षांच्या नातवाच्या खांद्याला लागते. लागते म्हणजे लागलीच, बॉल काढायला गेला होता. सुदैवाने घाबरण्यापलीकडे काही झालं नाही. पण काकू आमच्या दारात उभ्या राहून काय काय बोलल्या ते ऐकायला तुम्ही नव्हता, मी होतो, आणि मान खाली घालण्याशिवाय माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बरं त्या पोराला तिथे करंट आहे हे कळणार कसं? दर १० मीटरला एक, प्रत्येक गेटवर एक, आतून बाहेरून दोन्हीकडून वाचता येईल असा पिवळ्यावर काळ्या अक्षरांचा इशारा बोर्ड लावायचा असतो. आमचं कंपाउंड ८४ मीटरचं आहे, तुम्हीच मोजून मीटरप्रमाणे पैसे लावलेत. बोर्ड किती लावले? एक. आणि तोही निळा, त्यावर तुमचा लोगो आणि सेल्सचा मोबाईल नंबर. म्हणजे चोराला पुढेमागे स्वतःच्या घराला कुंपण करायचं झालं तर सोय व्हावी.

बाजूच्या भिंतीवर आधीपासून काटेरी तार होती. तुमच्या पोराने मशीनची लाईन सरळ त्या काट्यांनाच जोडली, वर मलाच सांगतो "दोन लाईनची तार वाचली सर तुमची". काटेरी तारेत करंट सोडायचा नाही म्हणजे नाही, हे तर त्या स्टँडर्डमध्ये सरळसरळ लिहिलंय आणि कारण समजायला इंजिनिअर असायची गरज नाही. आठ-नऊ हजार व्होल्ट असूनही या कुंपणाने माणूस मरत नाही तो का, तर झटका सेकंदाला जास्तीत जास्त एक, तो सेकंदाच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी वेळ, आणि मधल्या वेळात माणूस हात मागे घेतो. शर्ट काट्यात अडकला तर हात मागे कसा घेणार? त्याला दर सेकंदाला एक याप्रमाणे झटके बसतच राहणार ना.

आणि अर्थिंग! कुंपणाचं अर्थिंग घराच्या अर्थिंगपासून वेगळं आणि किमान दोन मीटर लांब ठोकायचं असतं. तुमच्या माणसाने नवीन रॉड ठोकायचा कंटाळा केला आणि घराच्याच अर्थिंगला वायर पिळून मोकळा झाला. चौथ्या दिवशी आई म्हणाली, अरे बाथरूमचा नळ चावतोय. मी हसण्यावारी नेलं, ७४ वर्षांची आहे, वाटलं भास होत असेल. मग स्वतः हात लावला. टक. टक. टक. सेकंदाला एक, घड्याळ लावून बघा. आईची माफी मागितली मी, तुमच्या वतीने. राऊटर दोनदा गेला तो वेगळाच, कारण कुंपणाकडे जाणारी हाय व्होल्टेजची लाईन म्हणून घरातली साधी वायर वापरली आणि ती इंटरनेटच्या केबलबरोबर एकाच पाईपातून ओढली.

आता फोनचं सांगतो. हे पत्र खरं त्यासाठीच आहे.

मी सगळं नीट, शांतपणे सांगितलं. नळाला करंट येतोय, शेजारच्या मुलाला शॉक बसला, माणूस पाठवा. पलीकडचा म्हणाला, "सर, शॉक बसतोय ना? म्हणजे प्रॉडक्ट वर्किंग कंडिशनमध्ये आहे." मला वाटलं लाईन खराब आहे म्हणून परत सांगितलं, अहो नळाला, बाथरूमच्या नळाला. तर म्हणे "हो सर, म्हणजे आउटपुट चांगला येतोय." मी विचारलं मशीन किती ज्यूलचं आहे, म्हणजे झटक्यात ऊर्जा किती, कारण एका झटक्याला ५ ज्यूलची मर्यादा असते आणि तुमच्या डब्यावर तो आकडाच नाही, नुसतं "हाय पॉवर" लिहिलंय. तो म्हणाला "सर हाय पॉवर आहे." मी म्हटलं ते मलाही वाचता येतं. मग बोर्डाचा विषय काढला तर हा पठ्ठ्या मला विचारतो, "सर तुम्हाला सिक्युरिटी पाहिजे का बोर्ड पाहिजेत?" मी गप्पच झालो. माझ्या गप्प बसण्याचा त्याने काय अर्थ काढला देव जाणे, लगेच म्हणाला "तुमची क्वेरी रिझॉल्व्ह झाली आहे का सर, कृपया पाचपैकी रेटिंग द्या." आणि खरंच मेसेज आला हो. पाच तारे आणि एक हसरा चेहरा.

याच्याही आधी, मशीन बंद पडलं होतं तेव्हा, तुमचा टेक्निशियन मला काय म्हणाला माहितीये? "मशीनचं नवीन कार्ड येईपर्यंत डायरेक्ट लाईन देऊ का तात्पुरती?" डायरेक्ट! घरातला २३० व्होल्टचा फेज, तारेत. रानडुकरांसाठी शेताच्या कुंपणात चालू लाईन सोडली आणि कोणाचा तरी बापभाऊ त्याला चिकटून गेला, या बातम्या आपल्याकडे पेपरात काय नवीन आहेत का. तिथे मधे सेकंदभराची उसंत नसते, हात सुटतच नाही. मी त्याला हाकललं म्हणून बरं. जो घरमालक "हो दे" म्हणाला असेल त्याचं काय? माणूस गेला तर निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचं भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ मालकावर लागणार, पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, तुमचा टेक्निशियन तोवर दुसऱ्या कंपनीत लागलेला असेल.

माझा आतेभाऊ जोहान्सबर्गला असतो. तिकडे २०१२ पासून नवीन कुंपण बसवलं की रजिस्टर्ड माणसाचं सर्टिफिकेट लागतं. त्याला तुमच्या कामाचे फोटो पाठवले तर त्याने आधी विचारलं, गुरांसाठी आहे का हे?

वाईट याचं वाटतं की सोसायटीत तुमचं नाव मीच सुचवलं होतं. आणखी चार बंगलेवाले थांबलेत, माझं काम बघून ठरवणार होते. बघितलं त्यांनी.

तर आता वायरिंग समजणारा माणूस पाठवा, "हाय पॉवर" म्हणणारा नको. काटेरी तारेवरची लाईन काढा, अर्थिंग वेगळं ठोका, कुंपणाकडे जाणारी हाय व्होल्टेजची वायर योग्य ती टाका, मागच्या भिंतीवर एकतर जाळी उभारा नाहीतर तिथली तार काढून तेवढ्या मीटरचे पैसे परत करा, आणि बोर्ड लावा, बोर्ड, पिवळे. सगळं झालं की स्टँडर्डप्रमाणे काम केलंय असं तुमच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी लिहून द्या. सात दिवस देतोय. नंतर ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ वर तक्रार, मग जिल्हा ग्राहक आयोग, पाच लाखांपर्यंतच्या केसला तिथे फी पण नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष मालाची जबाबदारी उत्पादकावर टाकणारं अख्खं प्रकरण आहे, तुमच्या वकिलाला माहिती असेल. विद्युत निरीक्षकाकडे अर्ज लिहून तयार आहे, नळाचा व्हिडिओ जोडलाय, टक टक स्पष्ट ऐकू येतं.

मशीनचा प्लग मी काढून ठेवलाय. म्हणजे ६८ हजार ५०० रुपयांच्या तारांवर सध्या आई टॉवेल वाळत घालते.

येताना शिडी आणा. आमची, बारा फुटी, अॅल्युमिनियमची.