संगणकातला मर्कल कधीच चुकत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत १९०८ चा अमेरिकन बेसबॉल हंगाम संगणकावर पुन्हा खेळवणाऱ्या हौशी मंडळींवरचा लेख वाचला. मराठी वर्तमानपत्रात बेसबॉलला पाऊण पान मिळणे हीच मुळात बातमी, तेव्हा आधी अभिनंदन. पण लेखाचा निष्कर्ष काही पचनी पडला नाही. संगणकावर न्यूयॉर्क जायंट्स पहिले आले, म्हणजे खरे विजेते तेच, आणि बिचाऱ्या फ्रेड मर्कलला शंभर वर्षांनी का होईना न्याय मिळाला, असे लेखक म्हणतात. हा नाद मलाही आहे. शिवाय उमेदीच्या काळात मुंबईच्या मैदानांवर क्लबच्या सामन्यांना स्कोअरर म्हणून बसलो आहे. म्हणून थोडे सविस्तर लिहितो. लांबले तर कात्री आपल्याच हातात आहे.

लेख ज्यांच्या नजरेतून सुटला त्यांच्यासाठी प्रसंग सांगतो. २३ सप्टेंबर १९०८, न्यूयॉर्कचे पोलो ग्राउंड्स, जायंट्स विरुद्ध शिकागो कब्ज. शेवटच्या, म्हणजे नवव्या इनिंगचा उत्तरार्ध, १-१ अशी बरोबरी, जायंट्सचे दोन गडी बाद. (बेस म्हणजे धावपटूचे थांबे; तीन क्रमाने गाठून चौथ्यावर, होम प्लेटवर, परतला की एक धाव.) तिसऱ्या बेसवर मूस मॅकॉर्मिक, पहिल्यावर १९ वर्षांचा मर्कल. नेहमीच्या फ्रेड टेनीची पाठ धरली म्हणून त्या दिवशी या पोराला संधी मिळाली होती. अल ब्रिडवेलने सरळ मध्यभागी फटका मारला, मॅकॉर्मिक होम प्लेटवर पोचला आणि सामना जिंकला असे समजून लोक मैदानात घुसले. मर्कल दुसऱ्या बेसपर्यंत गेलाच नाही. गर्दी पाहून मधूनच क्लबहाऊसकडे वळला. आता नियम असा, की पहिल्या बेसवरच्या धावपटूला दुसरा बेस गाठणे भाग असताना तो तिथे बाद झाला आणि तो तिसरा बळी असेल, तर त्या फटक्यावरची धाव धरत नाहीत. कब्जच्या जॉनी एव्हर्सने चेंडू मिळवला (तोच की दुसराच कुठला, यावर अजून वाद आहे) आणि दुसऱ्या बेसवर पाय रोवला. पंच हँक ओ'डे यांनी मर्कलला बाद दिले. सामना बरोबरीत धरला गेला, हंगामाअखेर दोन्ही संघ समसमान निघाले, ८ ऑक्टोबरला तो सामना पुन्हा खेळावा लागला आणि कब्जनी तो ४-२ असा जिंकला. कब्ज ९९ विजय, जायंट्स ९८, पिट्सबर्ग पायरेट्सही ९८. कब्जनी पुढे वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाचे अंतिम अजिंक्यपद, जिंकली आणि त्यानंतरची त्यांना थेट २०१६ साली मिळाली. मर्कल १९२६ पर्यंत खेळला, पण 'बोनहेड' (मठ्ठ) हे बिरुद काही सुटले नाही. जायंट्सचा मॅनेजर जॉन मॅग्रॉ मात्र त्याच्या पाठीशी उभा राहिला.

आता संगणकावर या प्रसंगाचे काय होते ते पाहा. माझ्याकडच्या खेळात मी मुद्दाम तीच परिस्थिती मांडली: नववी इनिंग, दोन बाद, तेच दोघे तिथेच, पिचर (चेंडू टाकणारा) जॅक फिस्टर, फलंदाज ब्रिडवेल. प्रत्येक वेळी ब्रिडवेल फटका मारतोच असे नाही. बऱ्याचदा बाद होतो आणि दहावी इनिंग सुरू होते. पण फटका बसला की पडद्यावर एकच ओळ उमटते: ब्रिडवेलचा सिंगल (एका बेसचा फटका), मॅकॉर्मिकची धाव, जायंट्स विजयी. मर्कल दुसऱ्या बेसवर पोचला की नाही हे तो खेळ विचारतच नाही. सिंगल झाला म्हणजे पुढचा धावपटू निदान एक बेस सरकणार, हे त्यात गृहीतच धरलेले आहे. मैदानात लोक घुसत नाहीत, क्लबहाऊस नाही, एव्हर्स हातवारे करत नाही, ओ'डे यांना निर्णयही द्यावा लागत नाही. ज्या चुकीबद्दल मर्कलला न्याय मिळाल्याचे लेखक सांगतात, ती चूक करायला त्या खेळात वावच नाही. मग न्याय कसला?

शिवाय मर्कल एकटाच असा वागला होता, असेही नाही. त्याच महिन्याच्या ४ तारखेला पिट्सबर्गला हुबेहूब असाच प्रकार घडला होता. पायरेट्सचा वॉरन गिल दुसऱ्या बेसला न शिवता निघून गेला, एव्हर्सने तेव्हाही आक्षेप घेतला आणि पंच तेव्हाही ओ'डेच होते. त्यांचे तिकडे लक्ष नव्हते, म्हणून धाव कायम राहिली. सामना संपला की गर्दीच्या आधी मैदान सोडायचे, हा त्या काळचा सर्रास शिरस्ता होता. तो शिरस्ता १९ दिवसांत बदलला आणि भुर्दंड एका पोराला पडला. लेखात गिलचे नावही नाही, याचे वाईट वाटले.

दुसरी गोष्ट हिशेबाची. लेखकांनी हंगाम एकदाच खेळवलेला दिसतो. १५४ सामन्यांच्या हंगामात साधारण ९८ सामने जिंकण्याच्या कुवतीचा संघ प्रत्यक्षात किती जिंकेल, याचा नुसत्या नशिबाने होणारा चढउतार सहा विजयांच्या घरात जातो. ज्याला संख्याशास्त्राचे जुजबी गणित येते त्याने करून पाहावे: १५४ ला ०.६४ ने गुणा, पुन्हा ०.३६ ने गुणा, वर्गमूळ काढा. म्हणजे तोच संघ, तेच खेळाडू, पण एकदा ९२ विजय निघतील तर एकदा १०४. आणि १९०८ ला पहिल्या तिघांत अंतर होते एका विजयाचे! अशा हंगामात संगणकाने एकदा कुणाला पहिला आणला याला फारसे वजन नाही. हजार वेळा खेळवून कोण किती वेळा पहिला येतो ते पाहिले, तर काहीतरी बोलता येईल. जायंट्सच्या बाजूने एक खरा मुद्दा आहे, तो लेखात आलाच नाही: त्यांनी कब्जपेक्षा जास्त धावा काढल्या होत्या आणि किंचित कमी दिल्या होत्या. धावांच्या गणिताने ते वरचढच होते. हे मात्र कळायला संगणक लागत नाही, जुने तक्ते पुरतात.

आणि तक्त्यांवरूनच मला मुख्य मुद्द्याकडे यायचे आहे.

हे खेळ चालतात कशावर? संगणकाच्या आधी ते पुठ्ठ्याच्या कार्डांवर चालत. पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरच्या डिक सीट्झ यांनी १९५१ साली 'एपीबीए' बाजारात आणला; माझ्या भाच्याने न्यू जर्सीहून येताना त्याचा एक जुना संच आणला, तेव्हा मला हा नाद लागला. एक मोठा लाल फासा, एक छोटा पांढरा. लाल तीन आणि पांढरा पाच पडला तर ३५ वाचायचे, बेरीज करायची नाही. असे ११ ते ६६ मध्ये एकूण ३६ आकडे. फलंदाजाच्या कार्डावर त्या आकड्यापुढे दुसरा एक आकडा असतो, तो घेऊन तक्त्यात पाहायचे: बेस रिकामे असतील तर हे, पहिल्यावर धावपटू असेल तर ते. समोरचा पिचर 'ए' दर्जाचा असेल तर काही सिंगल तिथल्या तिथे बाद ठरतात. पायरेट्सच्या होनस वॅग्नरचे १९०८ चे कार्ड हातात घेतले की फलंदाजीची .३५४ ची सरासरी म्हणजे काय ते बोटांना कळते. फासे कसेही पडोत, हा माणूस बेसवर पोचतच राहतो.

पण ते कार्ड १९०८ च्या वर्तमानपत्रांनी रोज छापलेल्या बॉक्स स्कोअरवर उभे आहे. कोण किती वेळा फलंदाजीला आला, किती फटके, किती झेल, किती चुका, सामना किती वेळ चालला, पंच कोण, सगळे बारीक टाइपात एकाखाली एक. १९८९ पासून 'रेट्रोशीट' नावाची स्वयंसेवकांची संस्था जुनी स्कोअरबुके आणि वर्तमानपत्रे धुंडाळून हे सगळे गोळा करते आहे. जे त्या काळी छापले गेले ते आज खेळता येते, आणि जे छापले नाही तिथे खेळ बनवणाऱ्याला अंदाजच करावा लागतो. वॅग्नरने त्या वर्षी ५३ बेस चोरले (म्हणजे फटका नसतानाच पळून पुढचा बेस गाठला) हे लिहिलेले आहे. चोरताना किती वेळा पकडला गेला याची अधिकृत नोंद नाही. म्हणून एका खेळातला वॅग्नर बिनधास्त पळतो आणि दुसऱ्यातला जपून. जायंट्सचा पिचर मॅथ्यूसन याची १.४३ ही सरासरी (दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा) १९०८ च्या वाचकांना ठाऊक नव्हती, कारण जायंट्स-कब्ज ज्या लीगमध्ये खेळत त्या नॅशनल लीगने ती अधिकृतपणे मोजायला १९१२ साली सुरुवात केली. पुढच्यांनी जुन्या बॉक्स स्कोअरवरून ती काढली. खुद्द मर्कलचे कार्ड अख्ख्या हंगामातल्या ४१ अधिकृत फलंदाज्यांवर बेतलेले आहे. एवढ्याशा नोंदीवरून कुणाची कुवत ठरवायची म्हणजे धाडसच.

काळाचे भान राखले नाही तरी गोंधळ होतो. एकच चेंडू मळून काळा होईपर्यंत वापरायचा, थुंकी लावून टाकायला बंदी नाही, मैदाने अवाढव्य. नॅशनल लीगमध्ये सर्वाधिक होम रन (चारही बेस मिळवून देणारा फटका) मारणाऱ्या टिम जॉर्डनचे आख्ख्या हंगामात १२. शिकागो व्हाइट सॉक्सच्या एड वॉल्शने त्या वर्षी ४६४ इनिंग टाकल्या आणि ४० सामने जिंकले. खेळात आजच्या पिचरचे थकव्याचे माप ठेवले तर वॉल्श जूनमध्येच गळून पडतो. लेखकांनी हे माप बदलले होते का, ते लिहायला हवे होते.

संपादक महोदय, आता आपल्या पानाविषयी. मॅथ्यूसनच्याच काळात आपल्याकडे पळवणकर बाळू गोलंदाजी करत होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले हे आपण आज छातीठोकपणे सांगतो, कारण तिथे धावफलक लिहिले आणि जपले गेले. पुण्याच्या नेटमध्ये त्यांनी साहेबांना टाकलेल्या चेंडूंचा हिशेब कुणीच ठेवला नाही. ते एक वेळ समजू शकतो. पण आजचे काय? मुंबईच्या क्रिकेट क्लबांची कांगा लीग १९४८ पासून ऐन पावसात खेळली जाते. पूर्वी तिचे धावफलक मराठी वर्तमानपत्रांत बारीक अक्षरांत का होईना, यायचे. आता 'अमुक क्लबचा तमुक क्लबवर विजय' एवढी ओळ येते, तीही जाहिरातीतून जागा उरली तर. कबड्डीच्या बातमीत 'खोलवर चढाया केल्या' असे लिहितात. किती चढाया, किती गुण, पकडी कुणी केल्या, काही नाही. अपवाद फक्त खो-खोचा. तिथले वार्ताहर अजूनही इमानाने कंसात संरक्षणाची मिनिटे आणि टिपलेले गडी देतात. त्यांना माझा नमस्कार कळवावा.

हे सगळे संकेतस्थळावर असते, असे उत्तर आपल्या कार्यालयातून मिळेल याची कल्पना आहे. मोठ्या सामन्यांचे असते. आझाद मैदानावर रविवारी खेळलेल्या 'ई' गटातल्या सामन्याचे स्कोअरबुक क्लबच्या कपाटात जाते आणि क्लबची खोली रिकामी करताना रद्दीत निघते. असे गठ्ठे बांधलेले मी पाहिले आहेत.

माझी मागणी साधी आहे. आठवड्यातून एक दिवस, सोमवारी, क्रीडापानाचे दोन स्तंभ स्थानिक सामन्यांच्या संपूर्ण धावफलकांना आणि गुणतक्त्यांना द्यावेत. टाइप कितीही लहान चालेल, आम्ही भिंग घेऊन वाचू. मजकूर पाठवायला क्लबांचे स्कोअरर तयार होतील. निदान माझ्या ओळखीचे चौघे आजपासून तयार आहेत. आणि १९०८ वरचा पुढचा लेख लिहाल तेव्हा हंगाम एकापेक्षा जास्त वेळा खेळवून मग लिहा, अशी लेखकांना विनंती.

कळावे,
आपला,
एक जुना स्कोअरर,
डोंबिवली (पूर्व)