सेवा करणाऱ्यांना कायद्यातला भत्ता द्या : दिव्यांग कल्याण मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
दिव्यांग कल्याण विभाग, महाराष्ट्र शासन

सविनय नमस्कार.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील काळजीवाहकाच्या व्याख्येत आईवडील व इतर कुटुंबीयही येतात, मग त्यांना मोबदला मिळो वा न मिळो; आणि ज्यांना मोठ्या आधाराची गरज आहे अशा दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख त्याच कायद्याच्या कलम २४ मध्ये आहे. कायदा २०१७ मध्ये लागू झाला. आमच्या भागात मात्र अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे सगळे करणाऱ्या बाईच्या हाती या नावाने रुपयाही पडल्याचे माझ्या पाहण्यात नाही. संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान मिळते, पण ते रुग्णाच्या निर्वाहासाठी असते आणि औषधपाण्यातच संपते.

मराठवाड्यात या सेवेची किंमत ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाच्या वहीत दिसते. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी, धरला जातो व त्यावर उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते. सासूला लकवा झाला म्हणून सून मागे राहिली, तर नवऱ्याचा अर्धा कोयता होतो आणि उचलही तशीच घटते. ते परवडत नाही म्हणून दोघेही कारखान्याला जातात आणि म्हातारीचे करणे शाळेत जाणाऱ्या नातीच्या अंगावर येते. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी शासनाने संत भगवानबाबा वसतिगृह योजना आणली, ती स्वागतार्हच आहे. पण आजीला उठवून बसवायला घरात दुसरे कोणी नसेल, तर ही मुलगी वसतिगृहात जाणार कशी?

म्हणून विनंती अशी की, हा भत्ता निराधार अनुदानातून वळता न करता स्वतंत्रपणे, सेवा करणाऱ्याच्याच बँक खात्यात जमा व्हावा. त्याला निराधार योजनेतील दिव्यांगांसाठीची वार्षिक ५०,००० रुपयांची उत्पन्नमर्यादा लावू नये, कारण मोलमजुरी करणारे घरही ती सहज ओलांडते. बाईमाणसाचीच अटही नको. पत्नीची सेवा करणारे म्हातारे आमच्या गावांत आहेत. केरळमध्ये आश्वासकिरणम् योजनेत अशा कुटुंबीयांसाठी दरमहा ६०० रुपयांची तरतूद आहे. रक्कम तुटपुंजी आहे, आपण तिथेच थांबू नये.

तपासणीचेही पाहावे. जागचे हलता न येणाऱ्या रुग्णाला भाड्याच्या जीपमध्ये घालून जिल्ह्याच्या ठिकाणी न्यायला लावण्याऐवजी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने घरी येऊन तपासावे व पुढील प्रमाणपत्राची प्रक्रिया तिथूनच सुरू करावी.

टोळ्या दिवाळीच्या सुमारास निघतात आणि उचल त्याच्या कितीतरी आधी घेतलेली असते. शासन निर्णय पावसाळ्यातच निघाला, तर मागे कोणी राहायचे याचा विचार घरांना वेळेवर करता येईल.

आपला नम्र,
बीड जिल्ह्यातील एक निवृत्त शिक्षक