खरा धोका लाव्हाचा नव्हे, चिखलाचा

महोदय,

ज्वालामुखीची बातमी आली की लाल लाव्हाचीच छायाचित्रे छापली जातात. बर्फाच्छादित ज्वालामुखींबाबत त्यामुळे वाचकांचा गैरसमज होतो, म्हणून हे पत्र.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील माउंट रेनियर (सुमारे ४,३९२ मीटर) सध्या शांत आहे. लाव्हा आणि राखेच्या थरांवर थर चढून तो शंकूसारखा वाढला. त्याचे कित्येक जुने लाव्हाथर दऱ्यांच्या तळाशी नाहीत, उंच धारांवर आहेत! तेव्हा दऱ्या जाड हिमनद्यांनी भरलेल्या होत्या. लाव्हा त्यांच्या कडेने वाहिला आणि तिथेच थिजला. जिथे तो बर्फाला टेकला, तिथे खडकाचे बारीक स्तंभ आडवे पडलेले दिसतात. बर्फ केव्हाच गेला, पण त्याची उंची खडकात नोंदलेली राहिली.

पोटातील आम्लयुक्त गरम पाण्याने मात्र याच खडकाची काही ठिकाणी माती होते. सुमारे ५,६०० वर्षांपूर्वी शिखराचा मोठा भाग ढासळला आणि चिखलाचा लोंढा थेट प्युजेट साउंडच्या खाडीपर्यंत गेला. सुमारे ५०० वर्षांपूर्वीही असाच लोंढा आला; त्या वेळी उद्रेक झाल्याचा ठोस पुरावा नाही. आजचे ऑर्टिंग गाव त्याच गाळावर वसले आहे.

कोलंबियात १९८५ साली नेवादो देल रुइझच्या तुलनेने लहान उद्रेकाने बर्फ वितळले आणि आर्मेरो शहर गाडले गेले. वीस हजारांहून अधिक माणसे गेली. धोक्याचा नकाशा आधीच तयार होता, हे फार सलते. अशा बातम्यांसोबत खालच्या नदीखोऱ्यांचा नकाशाही छापावा, ही विनंती.

– एक वाचक