म्हाताऱ्या आईबापाला मारणं हा घरचा मॅटर नाही

मा. संपादक साहेब,

आमच्याकडं बीड जिल्ह्यात म्हाताऱ्या माणसाला पोरानं मारलं तरी लोक म्हणतात घरचा मॅटर आहे, आपसात मिटवा. राग येतो हे ऐकून. २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा आहे पण त्याच्या कलम २४ मध्ये शिक्षा किती, तर जास्तीत जास्त ३ महिने कैद किंवा ५ हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तेही वाऱ्यावर सोडून दिलं तरच! रोजची शिवीगाळ, उपाशी ठेवणं, श्रावणबाळ योजनेच्या पेन्शनचं पासबुक काढून घेणं याचं काय? २०१९ ला शिक्षा वाढवायचं विधेयक लोकसभेत आलं, ते पास झालंच नाही. २०२४ ला नवी न्याय संहिता लागू झाली, त्यातही म्हाताऱ्यांच्या छळाचं वेगळं कलम नाही.

बहुतेक भांडण जमिनीपायी असतं. बक्षीसपत्र केलं, सातबारा पोराच्या नावावर चढला की ताटातली भाकर कमी होते. म्हणून म्हणतो, बक्षीसपत्रात सांभाळायची अट लिहूनच घ्या, मग पोरगा सांभाळत नसेल तर त्याच कायद्याच्या कलम २३ खाली ते रद्द करून मागता येतं, एसडीओ (प्रांत) ऑफिसला अर्ज द्यायचा. गावात हे सांगणारं कोणी नाही, ग्रामसभेत तरी वाचून दाखवा.

आणि कलम २४ चा गुन्हा जामीनपात्र आहे, म्हणजे ज्यानं छळलं तोच लगेच सुटून त्याच घरात परत येतो, त्याला घराबाहेर ठेवायचा आदेश त्याच दिवशी निघाला पाहिजे.

– एक वाचक, ता. केज