करार सहीआधी संसदेत उलगडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

युद्धात होरपळणाऱ्या युक्रेनशी केलेल्या सुधारित मुक्त व्यापार करारावरून कॅनडाच्या संसदेत झालेली खडाजंगी सोलापूरच्या टॉवेल-चादर कारखानदारांनी जरूर समजून घ्यावी. 22 सप्टेंबर 2023 रोजी युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की कॅनडाच्या राजधानीत, ओटावात असताना सह्या झाल्या. मित्रदेश लढाईत आहे म्हणून सभागृहाने डोळे मिटून मान डोलावली नाही. करार अमलात आणणारे सी-57 विधेयक समितीत गेले, वाचने झाली. करारातील पर्यावरणविषयक प्रकरणात कार्बन-दराचा (कार्बन उत्सर्जनावरील आकारणीचा) उल्लेख होता, त्यावर विरोधी काँझर्व्हेटिव्ह पक्ष अडून बसला. युक्रेनमध्ये कार्बन कर 2011 पासून आहेच, असे सरकारचे उत्तर होते. अखेर 6 फेब्रुवारी 2024 रोजी 214 विरुद्ध 116 मतांनी विधेयक पुढे गेले आणि 1 जुलैपासून करार लागू झाला. तो आक्षेप मला पटत नाही. पण कलमाचा कीस सर्वांसमोर पडला, हे मोलाचे.

आपल्याकडे ही पायरीच नाही. राज्यघटनेच्या केंद्र सूचीतील नोंद 14 प्रमाणे करार करणे केंद्राचे काम. कायदा बदलायचा नसेल तर संसदेची मंजुरी लागत नाही. सीमाशुल्क कायद्याच्या कलम 25 खाली अधिसूचना निघाली की आयात शुल्काची सवलत सुरू. अधिसूचना संसदेच्या पटलावर येते ती निघाल्यानंतर. 24 जुलै 2025 रोजी ब्रिटनशी सह्या झाल्या, तेव्हाही हेच. ब्रिटनमध्ये मात्र 2010 च्या कायद्यानुसार असा करार मान्यतेपूर्वी संसदेच्या कामकाजाचे 21 दिवस पटलावर ठेवावा लागतो.

घोडे कुठे अडते, ते चादरीवरून कळेल. सीमाशुल्कासाठी प्रत्येक मालाला वर्गीकरणाचा कोड असतो. पांघरूण म्हणून चादर 6301 मध्ये, बेडशीट म्हणून 6302 मध्ये, पलंगपोस म्हणून 6304 मध्ये जाते. जकार्ड (नक्षीचे विणकाम) तोच, सूत तेच, कोड तीन. सर्टिफिकेट ऑफ ओरिजिनवर (माल कोणत्या देशाचा, याच्या दाखल्यावर) एक कोड आणि तिकडच्या कस्टमने लावला दुसरा, की सवलत अडकते आणि खरेदीदार तो फरक आपल्या बिलातून कापू पाहतो.

टेरी टॉवेलला ताणे (उभे धागे) दोन, ग्राउंडचा म्हणजे पायाचा आणि पाईलचा म्हणजे वरच्या फासांचा, शिवाय बाणा (आडवा धागा). यातले एखादे सूत परदेशी असेल, तर माल 'भारतीय' ठरायला विणकाम पुरते की सूतही इथलेच लागते, हे करारातील त्या कोडपुढची ओळ ठरवते. मग सुताची बिले, सायझिंग (ताण्याला खळ देणे), रंगाई, लूमवरचे उत्पादन, शिवण हे सारे वजनाला वजन जुळवून जपावे लागते. मोठा निर्यातदार हे सांभाळतो. जॉबवर, म्हणजे दुसऱ्याचा माल मजुरीवर विणून देत, पॉवरलूम चालवणाऱ्याकडे बहुधा कच्ची चिठ्ठी असते आणि कागदांची साखळी तिथेच तुटते.

सोलापूरच्या खासदारांनी एवढे करावे: यापुढील प्रत्येक कराराचा मसुदा सहीपूर्वी वाणिज्यविषयक स्थायी समितीपुढे यावा, ही मागणी सभागृहात मांडावी, आणि 6301 ते 6304 या कोडांच्या अटी मराठीत छापून अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या प्रत्येक कारखान्यापर्यंत पोहोचवाव्यात.

आपला,
वस्त्रनिर्यात व्यवसायातील एक वाचक, सोलापूर