उंची आधी बोळात मोजा : नगरविकास मंत्र्यांना कोल्हापुरातून खुलं पत्र

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

सप्रेम नमस्कार,

गेली सत्तावीस वर्षं कोल्हापुरात इमारतींचे नकाशे काढून मी पोट भरतो. एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा, वाढला की माझी फी वाढते. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचून ‘आला आणखी एक विकासाचा विरोधक’ असं कुणाला वाटायला नको. डिसेंबर २०२० मध्ये राज्यासाठी एकत्रित बांधकाम नियमावली आली, तेव्हा आमच्या ऑफिसात पेढे वाटले होते. बेसिक एफएसआय, पैसे भरून मिळणारा प्रीमियम, दुसरीकडं सोडलेल्या जागेच्या बदल्यातला टीडीआर आणि वर अ‍ॅन्सिलरीचे, म्हणजे जोड बांधकामाचे, साठ टक्के अशी बेरीज करता करता कॅल्क्युलेटर गरम व्हायचा. पाच मजल्यांत आटपणारा प्लॉट दहाच्या पुढं जायला लागला. मीही असे नकाशे काढले, आजही काढतो.

खरं, एक गोष्ट खटकते. नियमावली म्हणते, रस्ता जितका रुंद तितका एफएसआय. तत्त्व चोख आहे. पण रस्ता कुठला? शहराच्या विकास आराखड्यातला की जमिनीवरचा?

मागच्या महिन्यात मंगळवार पेठेतल्या एका बोळात टेप घेऊन उतरलो. आराखड्यात रस्ता १२ मीटरचा. टेपवर एका टोकाला ५.४० आले. मध्ये एका वाड्याच्या कट्ट्यापाशी ४.१०, आणि त्या कट्ट्यावर बसलेल्या आजोबांनी पाय खाली सोडले होते, ते धरले तर आणखी कमी. त्याच बोळात नवी इमारत रुंदीकरणासाठी मागं सरकून उभी आहे. जी पट्टी सोडली तिचा एफएसआय मालकाला उरलेल्या जागेवर मिळाला, मजले चढले, फ्लॅट विकले गेले. शेजारचा वाडा मात्र भाऊबंदकीत अडकलेला, तो जागचा हलणार नाही. त्यापुढचं दुकान पागडीचं, तेही नाही. मग रस्ता कसा दिसतो? दात पडलेल्या जबड्यासारखा. सोडलेल्या पट्टीत सोळा दुचाकी आणि एक वडापावची गाडी. उंची आज मिळाली, रस्ता कुणाच्या नातवाला मिळेल ते अंबाबाई जाणे.

अंबाबाईवरून आठवलं. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात आणि देवीच्या चरणांवरून चढत चेहऱ्यापर्यंत जातात. तुम्हाला किरणोत्सव नवा नाही. पण पश्चिमेकडच्या इमारतींचे कोपरे आणि वरच्या टाक्या किरणांच्या वाटेत येतात, म्हणून किती वर्षं मोजमापं आणि बैठका चालल्यात, ते आम्हाला विचारा. सूर्य क्षितिजाला टेकत आलेला असताना गच्चीवरची एखादी पत्र्याची शेडसुद्धा आड येते. यातली बरीचशी बांधकामं दोन-चार मजल्यांची आहेत, टॉवर नव्हेत. त्या वाटेच्या दोन्ही अंगांना किती उंची चालेल, हे प्लॉटमागून प्लॉट तपासून ठरत नसतं. अख्खी वाट एकदम डोळ्यांपुढं धरावी लागते. देवळासाठी एवढं कळतं, तर बोळातल्या माणसांसाठी का नाही?

आता पाण्याचं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ अशा दोन्ही पुरांत ती ५५ फुटांच्या वर गेली. शाहूपुरीची कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, लक्ष्मीपुरीचा काही भाग, म्हणजे ज्याला बिल्डर ‘डाऊनटाऊन’ म्हणून विकतात तोच भाग, पाण्यात होता. त्यातल्या एका पुराच्या वेळी माझी आत्या सातव्या मजल्यावर राहायची. पाणी तिच्या घरापासून सहा मजले खाली, म्हणून आम्ही निर्धास्त. पण वीज गेली, मीटर रूम आणि पंप बेसमेंटमध्ये होते ते बुडाले, लिफ्ट बंद. शहराचे पाणी उपसा पंपही पुरात गेले, त्यामुळं नळ कोरडे. बहात्तर वर्षांची बाई चार दिवस सात मजल्यांवर अडकून पडली, आणि खाली छातीएवढं पाणी असताना वर प्यायला घागरभर नव्हतं. मी आणि शेजारची पोरं कॅन खांद्यावर घेऊन जिन्यानं चढायचो. तिसऱ्या मजल्यावर दम घ्यायला थांबलो की पोरं म्हणायची, “काका, ह्यो नकाशा कुणी काढला ओ?” माझा नव्हता. पण मी तसेच डझनभर काढले होते.

जोतं पूररेषेच्या वर उचला म्हणायचं आणि पंप, मीटर, जनरेटर बेसमेंटला चालवून घ्यायचे, याला काय अर्थ? पुराच्या पट्ट्यात ही यंत्रणा पहिल्या मजल्यावर सक्तीची करा. बिल्डर कुरकुरतील, कारण तो मजला विकता येत नाही. कुरकुरू देत.

आगीचं थोडक्यात सांगतो. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळताना सगळ्या शहरानं पाहिलं. शेजारी खासबागेचं मैदान मोकळं असून ही गत. शिडीच्या गाडीला आधी जॅक पसरून पाय रोवायला जागा लागते, मग शिडी वर जाते. चार मीटरच्या बोळात ती गाडी आली तरी उभी कुठं राहणार? फायर एनओसीच्या नकाशात गाडी फिरवायचं वर्तुळ मीच काढतो. कंपासनं ते छान येतं.

आणि साहेब, आम्ही वर का चढतोय त्याचं मूळ तुमच्याच खात्यात आहे. १९७२ ला नगरपालिकेची महापालिका झाली. पुढची पन्नास वर्षं हद्द तीच, सुमारे ६७ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत तेवढ्यात साडेपाच लाखांच्या आसपास माणसं. हद्दवाढीचा विषय निघाला की शहर एकीकडं, गावं दुसरीकडं, मोर्चे दोन्हीकडं. गावांना घरपट्टीची आणि आरक्षणाची भीती वाटते, ती खोटी नाही. २०१७ ला शहराभोवतालच्या ४२ गावांचं विकास प्राधिकरण काढून मधला मार्ग निघाला असं सांगितलं गेलं. शहराच्या पोटातला ताण त्यानं हलका झालेला मला तरी दिसत नाही. रुंद रस्ते आखायला मोकळी जमीन गावांकडं, आणि मजले चढतायत पेठांत.

उंच इमारतींना माझा विरोध नाही. कावळा नाक्यापासून पुढं, पुराच्या पाण्यापासून लांब, खराखुरा रुंद रस्ता असेल तिथं वीस मजले घ्या, मी रात्र जागून नकाशा देतो. पेठांत मात्र रस्ता जेवढा ताब्यात आलाय तेवढ्याच रुंदीवर उंची द्या. गल्लीची एक बाजू तरी सलग मागं सरकेपर्यंत वाढीव मजले थांबवा, आणि वाडेवाल्यांना एकत्र यायला काही सवलत द्या, म्हणजे ती बाजू सरकेल तरी. दाट वस्तीसाठी नियमावलीत एवढी दुरुस्ती करायला तुमची एक सही पुरते.

सही करण्याआधी एकदा या. शक्यतो जुलैअखेर या, तेव्हा पाणी कुठवर येतं तेही बघता येईल. गाडी बिंदू चौकात लावावी लागेल, पुढं चालत. टेप मी आणतो. एक टोक तुम्ही धरा.

आपला,
कोल्हापुरातला एक नकाशेवाला