वॉल्थमस्टोहून पत्र

वॉल्थमस्टो, लंडन
17 ऑगस्ट 2024

ती. बाबा आणि आई,
सा. नमस्कार.

"थोडे दिवस बाहेर पडू नकोस," असं तुम्ही फोनवर दोनदा म्हणालात. काळजी कळते. घाईत नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

29 जुलैला उत्तर इंग्लंडमधल्या साउथपोर्टला तीन लहान मुलींचा खून झाला. मारेकरी मुस्लिम निर्वासित आहे अशी धादांत खोटी बातमी मोबाइलवरून पसरली आणि दुसऱ्याच दिवशी तिथल्या मशिदीवर दगड पडले. मग आठवडाभर गावोगाव तेच. मिडल्सब्रोत दंगेखोर गाड्या अडवून आतला माणूस गोरा आहे का ते बघत होते. संडरलंडला ड्यूटीवर निघालेल्या फिलिपिनो नर्सेसवर दगडफेक झाली.

त्याच दिवसांत आमच्या मराठी ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, "राग मुसलमानांवर आहे, आपण मध्ये पडू नये." वाचून फार वाईट वाटलं. दगड मारणारा आडनाव विचारत नाही. 1976 मध्ये साउथॉलला मारला गेलेला गुरदीपसिंग चग्गर अठरा वर्षांचा शीख मुलगा होता. 1978 मध्ये व्हाइटचॅपलला कामावरून घरी निघालेला अल्ताब अली बंगाली शिवणकामगार होता. आणि समजा आडनाव विचारून मारत असते, तरी शेजाऱ्याला एकटं सोडायचं का?

अल्ताब अलीच्या शवपेटीमागून सुमारे 7,000 माणसं लंडनच्या रस्त्यांवरून चालत गेली. पुढे 1980 मध्ये ईस्ट हॅमला अख्तर अली बेगचा खून झाला, तेव्हा तिथल्याच, म्हणजे न्यूहॅम भागातल्या लोकांनी न्यूहॅम मॉनिटरिंग प्रोजेक्ट उभा केला. मध्यरात्री हल्ला झाला तरी फोन उचलणारं माणूस हवं, हा त्यामागचा विचार. 2015 पर्यंत तो चालला. ती रीत इथल्या जुन्या मंडळींच्या अंगात मुरलेली आहे.

7 ऑगस्टला दंगेखोर कुठे कुठे चाल करून येणार, याची यादी फिरली आणि तीत इथल्या हो स्ट्रीटवरचं इमिग्रेशन कार्यालय होतं. दुपारीच दुकानांना फळ्या ठोकल्या. संध्याकाळी मी गेले, तर रस्ता माणसांनी भरून वाहत होता. हिजाबवाल्या मुली, चर्चमधल्या बायका, युनियनचे झेंडे, कडेवर पोरं घेतलेले बाप. हजारो लोक जमले आणि दंगेखोर फिरकलेच नाहीत.

पण बाबा, मोर्चा एका संध्याकाळचा. खरं काम त्यानंतर असतं. आमच्या गल्लीतल्या सिल्हेटी (बांगलादेशातल्या सिल्हेटच्या) आजींच्या दारावर कोणीतरी अंडी फोडली आणि घाण शिवी लिहिली. त्या फडकं घेऊन पुसायलाच निघाल्या होत्या. समोरच्या निवृत्त मास्तरीणबाईंनी त्यांना थांबवलं, आधी फोटो काढले, वेळ लिहून ठेवली, कोपऱ्यावरच्या दुकानदाराला कॅमेऱ्याचं चित्रण पुसू नका म्हणून सांगून आल्या, आणि मगच आजींना घेऊन पोलिसांत गेल्या. वंशद्वेषातून मारल्या गेलेल्या स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय मुलाच्या आईवडिलांनी जी झुंज दिली, त्यातून पोलिसांच्या तपासाची चौकशी करणारा 1999 चा मॅक्फर्सन अहवाल आला. तेव्हापासून पीडिताला किंवा दुसऱ्या कोणालाही प्रकार वंशद्वेषी वाटला, तर पोलिसांनी तशी नोंद करायची असते. म्हणजे घाबरलेल्या माणसाच्या वतीने शेजारीही बोलू शकतो. मला हे फार मोलाचं वाटतं. 1993 मध्ये स्टीफन मारला गेला आणि मारेकऱ्यांपैकी दोघांना शिक्षा व्हायला 2012 उजाडलं. इतकी वर्षं कोणाही कुटुंबाला एकट्याने रेटता येत नाही.

आजी आता दवाखान्यात एकट्या जात नाहीत. आम्ही पाळीने जातो.

तुमची नोकरी भिवंडीत झाली, तुम्हाला हे वेगळं सांगायला नको. 1984 च्या दंगलीनंतर पोलीस अधिकारी खोपडे साहेबांनी हिंदू-मुस्लिम शेजाऱ्यांना एकत्र आणणाऱ्या मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या आणि 1992-93 ला मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. दंगल पेटल्यावर ओळखी करून घ्यायला वेळ नसतो, त्या आधीच असाव्या लागतात. म्हणूनच घरात बसून राहा, हे तुमचं सांगणं मला पटत नाही. मी जितकी या लोकांमध्ये असेन, तितकी सुरक्षित आहे.

मराठी ग्रुपवरही मी हे सगळं लिहिलं. वाद झाला, पण चार घरांनी नंबर दिले. पुढच्या शनिवारी बैठक आहे. कोण उर्दू बोलतं, कोण बंगाली, कोणाकडे गाडी आहे, कोण कोर्टात सोबत बसेल, हे ठरवायचं आहे. मंगळवार-शुक्रवार रात्रीचा मदतीचा फोन माझ्याकडे असेल. त्या दिवशी तुम्ही तुमच्या रात्री दहाच्या आत फोन करत जा, नंतर लाइन मोकळी ठेवावी लागेल.

आईने गुडघ्याचं औषध बंद केलं नाही ना, ते कळवा.

तुमची लेक